‘माझा छंद : छायाचित्रण’ हा निबंध चौपाटीवर शिकवावा



‘माझा आवडता छंद’ या विषयावरचे निबंध तपासताना दर वर्षी दोन-तीन वह्यांत एक ठरलेलं वाक्य भेटतं : ‘मला छायाचित्रणाचा छंद आहे. मी निसर्गरम्य ठिकाणी जाऊन सुंदर फोटो काढतो.’ कुठलं ठिकाण, कसला फोटो, तेव्हा किती वाजले होते, हे पुढे येत नाही. येतं ते ‘छंदामुळे मनाला आनंद मिळतो’. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपणच जे नमुना निबंध लिहून देतो, त्यांत हेच असतं. मीही असे निबंध लिहून दिले आहेत.

मला स्वतःला हा छंद आहे, म्हणून ते वाक्य जरा जास्त टोचतं. सुट्टी लागली की ट्रायपॉड पाठीला बांधून मी निघायचो. कास झालं, माळशेज झालं, हरिहरेश्वर झालं. आवड विशेष करून लाँग एक्स्पोजरची. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या फोटोत कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतं किंवा त्याहूनही कमी वेळ उघडतं. लाँग एक्स्पोजरमध्ये ते पाच, दहा, तीस सेकंद, कधी काही मिनिटं उघडं ठेवतात. तेवढ्या वेळात जे हललं ते पुसट होतं आणि जे जागचं हललं नाही ते स्पष्ट उमटतं. म्हणून धबधबा दुधासारखा दिसतो, समुद्र धुक्यासारखा आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या जागी नुसत्या तांबड्या-पांढऱ्या रेघा.

बरीच वर्षं हे करून माझं मत असं झालंय की हा छंद शिकवायला मुलांना लांब न्यायची गरज नाही. उलट लांब नेल्यानं तो बिघडतो. सहलीची गाडी तासभर थांबते, सगळे एकाच दगडावर उभे राहून एकच फोटो काढतात आणि घरी येतात. माझेही मोठे फोटो-दौरे याहून फार वेगळे नव्हते, फक्त ट्रायपॉड महाग होता. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या मुलानं हे आपल्या चौपाटीवर आणि आपल्या चाळीच्या गॅलरीतून शिकावं. तिथं तो पुन्हा पुन्हा जाऊ शकतो. या छंदात तेवढंच लागतं.

आता समुद्राचंच बघा. दादर चौपाटीवर चैत्यभूमीजवळ उभं राहिलं की समोर वरळीपासून वांद्र्यापर्यंत सी लिंक दिसतो. २००९ साली तो सुरू झाल्यापासून मुंबईतल्या हौशी फोटोवाल्यांचं हे पंढरपूरच झालंय. पण तिथला फोटो कॅमेऱ्यापेक्षा भरती-ओहोटीवर जास्त ठरतो. आणि भरतीची वेळ काढायला मोबाइल उघडावा लागत नाही. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या धरा पंधरा. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी ओहोटी आणि सूर्यास्ताला लांबवर ओली, चकचकीत वाळू. हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. २०२५ साली लालबागच्या राजाचं विसर्जन गिरगाव चौपाटीवर भरतीमुळे कितीतरी तास खोळंबलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तो दिवस पौर्णिमेचा होता आणि भरती पावणेबाराच्या सुमारास होती. वर्गात ही पाऊणपट मांडली तर ‘अपूर्णांक कुठे कामाला येतात?’ हा प्रश्न निदान त्या दिवसापुरता बंद होतो.

गणिताचा दुसरा भाग याहून मजेदार आहे. उजेडात शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होतो. म्हणून भिंगापुढे गडद काच लावतात, तिला एनडी फिल्टर म्हणतात. ‘दहा स्टॉप’ची काच म्हणजे उजेड दहा वेळा निम्मा करणारी काच. मग वेळ दहा वेळा दुप्पट करायची. दोन, चार, आठ करत दहाव्या पायरीला १०२४. जो फोटो सेकंदाच्या साठाव्या भागात निघत होता, त्याला आता सतरा सेकंद लागतात. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट मुलांना माहीत असते. ती इथं काचेत बसलेली सापडते. पण ही काच विकत घ्या असं मी कुठल्याही पालकाला सांगणार नाही. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासानं काचेची गरज राहत नाही. बऱ्याच मोबाइलमध्ये ‘प्रो’ नावाची सोय असते, त्यात शटरची वेळ आपण ठरवू शकतो. मोबाइल दप्तराला टेकवून ठेवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात मागे घ्यायचा.

हे झालं तंत्र. मला खरं आवडतं ते पुढचं. गिरगाव चौपाटीवर (तिथं सूर्य समुद्रात नाही, मलबार हिलच्या मागे जातो) रविवारच्या गर्दीत तीस सेकंदांचा फोटो काढा. गर्दी जवळजवळ नाहीशी होते! फिरणारे, धावणारे, सेल्फी काढणारे सगळे धूसर होऊन जातात. राहतो तो वाळूत बसलेला म्हातारा किंवा गाडीला टेकलेला भेळवाला. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेरनं आपल्या खिडकीतून एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला, त्यातही असंच झालं होतं. त्या काळी एका फोटोला काही मिनिटं लागायची. घोडागाड्या, माणसं काहीच उमटलं नाही. उमटला तो बुटांना पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक माणूस. माणूस दिसणाऱ्या अगदी पहिल्या फोटोंमध्ये त्याची गणना होते. बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसेल.

इथं मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : हा फोटो खोटंही बोलतो. पावसाळ्यात दादरच्या वाळूवर समुद्र जे प्लास्टिक आणून टाकतो, त्यातलं पाण्यावर तरंगणारं सगळं तीस सेकंदांत पुसून जातं आणि काळपट पाणी रेशमासारखं दिसतं. माझे असे फोटो लोकांना आवडले, तेव्हा मला थोडी लाजच वाटली. म्हणून मुलांनी एकाच जागेवरून दोन फोटो काढावेत, एक झटपट आणि एक तीस सेकंदांचा. मग दोन्हींत काय काय वेगळं दिसतं ते लिहावं. निबंधाचे मुद्दे तिथंच तयार होतात, फळ्यावर लिहून द्यावे लागत नाहीत.

एका जागी कॅमेरा रोवून वाट पाहणं आपल्याकडे नवीन नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून आले. चित्रपट काढायचा होता, पण पैसे द्यायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त दिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बी रुजलं, कोंब आला आणि वेल वाढला. ते पाहून पैसा उभा राहू लागला. पुढे दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. लाँग एक्स्पोजर आणि फाळक्यांची ही पद्धत तंत्र म्हणून वेगळी आहेत, पण पाचवीच्या मुलाला दोन्हींतलं साम्य लगेच कळतं. घरातल्या कुंडीवर हा प्रयोग तो उद्यापासून करू शकतो.

लालबाग-परळचं मात्र मला अजून नीट जमलेलं नाही. उड्डाणपुलावरच्या दिव्यांच्या रेघा कोणीही काढतो. (पुलावर थांबून नव्हे, शेजारच्या इमारतीतून.) पण तिथं पुसलं गेलेलं काय आहे, ते तीस सेकंदांत दिसत नाही. मायकेल वेसेली नावाच्या जर्मन छायाचित्रकारानं १९९७ पासून बर्लिनच्या पोट्सडामर प्लाट्झ चौकात दोन वर्षांहून अधिक काळ कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवलं होतं. त्यात उभ्या राहणाऱ्या इमारती पारदर्शक दिसतात, मागचं-पुढचं सगळं एकमेकांतून. १९८२ च्या गिरणी संपाच्या दिवशी कुणी परळच्या एखाद्या गच्चीवर असा कॅमेरा ठेवला असता तर? चिमण्या पुसट, टॉवर पुसट आणि पाळीला जाणारी माणसं अजिबात नाहीत. ती सारखी चालत होती ना! हा भाग फोटोनं होणार नाही, तो आजोबांना विचारून लिहावा लागेल. माझ्या मते निबंधाचा विषय तिथून सुरू होतो.

पालकांचे दोन आक्षेप येतात. पहिला मोबाइलचा. ‘सर, आम्ही हातातून काढून घेतोय आणि तुम्ही देताय?’ पण शटर उघडं असेपर्यंत त्या मोबाइलवर दुसरं काहीही करता येत नाही, त्याला हातसुद्धा लावायचा नाही. तीस सेकंद मोबाइलसमोर नुसतं बसणं मुलांना किती जड जातं ते एकदा बघाच. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर कुणीही उतरायचं नाही, फोटो कितीही छान येत असला तरी. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका जाहीर करते, ते दिवस वगळायचे. मी अष्टमीच्या आसपासचा दिवस धरतो. तेव्हा भांगाची भरती असते, उधाण नसतं. तरीही मोठं माणूस सोबत हवंच.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला हा गृहपाठ दिला होता. एका मुलीनं सव्वा पान लिहिलं. चौपाटीवर आजीला बसवून तिनं चार वेळा फोटो काढला आणि चारही वेळा आजी पुसट आली, कारण आजी सारखी तिला ‘अगं, पाण्याजवळ जाऊ नकोस’ म्हणून हात हलवत होती. निबंध तिथंच थांबला होता. ‘छंदामुळे मनाला आनंद मिळतो’ नाही, उपसंहार नाही. त्याचे गुण कापावेत की नाही यावर स्टाफरूममध्ये मधली सुट्टी संपेपर्यंत वाद चालला. मी कापले नाहीत. आमच्या मॅडम अजून म्हणतात, कापायला हवे होते.