बूर्झचा वाडा आणि शुद्धतेचें वेड

फ्रान्समधील मध्ययुगीन वास्तूंविषयीं हौसेनें बोलणाऱ्यांचा एक ठराविक सूर आहे. बूर्झ शहरांतील झाक क्योरच्या वाड्याचा विषय निघाला कीं तो हटकून ऐकूं येतो. वाडा अप्रतिम खरा. परंतु मध्यंतरीं अडीचशें वर्षें त्यांत कारकून, वकील व पक्षकार शिरले आणि त्यांनीं त्याचें पावित्र्य घालविलें. १९२३ सालीं सरकारनें तो विकत घेऊन जीर्णोद्धार केला, तेव्हां कोठें तो शुद्ध झाला! यांतील पहिलें विधान निर्विवाद आहे. दुसरें मात्र निव्वळ कृतघ्नपणाचें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

गॉथिक म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचें हायकोर्ट किंवा एखादें कॅथीड्रल उभें राहतें. माणसानें राहण्यासाठीं बांधलेलें गॉथिक घर ही कल्पना सहसा मनांत येत नाहीं. बूर्झचा वाडा तसें घर आहे. केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा झाक क्योर पूर्वेकडील देशांशीं व्यापार करून गबर झाला, सातव्या शार्ल राजाच्या खासगीचा खजिनदार झाला, आणि १४४३ सालीं त्यानें जुन्या रोमन तटाला पाठ लावून हा वाडा बांधावयास घेतला. भिंतींवर जागोजाग हृदय आणि शिंपला कोरले आहेत. क्योर म्हणजे हृदय, आणि शिंपला ही संत झाकची खूण. शूर हृदयांना अशक्य असें कांहीं नाहीं, हें त्याचें ब्रीदही दगडांत आहे. पण आम्हांला याहून अधिक मोह पडतो तो त्या घराच्या घरपणाचा. स्वयंपाकघराच्या दारावर स्वयंपाकाचीं चित्रें, प्रार्थनामंदिराच्या जिन्यावर पूजेच्या तयारीचीं; नव्या चाकरालाही वाट विचारावी लागूं नये! दर्शनी बाजूस दोन खोट्या खिडक्या आहेत. त्यांतून एक पुरुष व एक स्त्री, दोघेंही दगडाचीं, बाहेर पाहत आहेत.

धन्याला हें घर लाभलें किती? बांधकाम संपतें न संपतें तोंच, १४५१ च्या जुलैंत, राजानें त्याला कैद केलें. राजाची प्रेयसी आन्येस सोरेल हिला विष घातल्याचा आरोप टिकला नाहीं, पण इतर आरोपांवर शिक्षा झाली व मालमत्ता जप्त झाली. १४५४ त तो निसटला आणि १४५६ त दूर कीऑस बेटावर वारला. मग वारसदार आले, नवे मालक आले. १६७९ मध्यें कोल्बेर या प्रसिद्ध मंत्र्यानें वाडा घेतला आणि १६८२ त तो नगराकडे आला. तेव्हांपासून तेथें नगरसभेचा कारभार आणि पुढें न्यायकचेरी नांदली.

याच कालखंडाला शुद्धतावादी नाकें मुरडतात. त्यांना आम्ही पॅरिसकडे बोट दाखवितों. तेथील ला त्रेमॉय घराण्याचा वाडा याच उत्तर-गॉथिक शैलीचा, कोरीव कामांत तसाच नांवाजलेला. तो खासगी मालकांच्या हातीं राहिला आणि १८४० नंतर दोन वर्षांतच जमीनदोस्त झाला. त्याचे कांहीं कोरीव तुकडे तेवढे कलाविद्यालयाच्या आवारांत उरले. क्ल्यूनीचा वाडा मात्र वांचला. कारण तोही वापरांत होता. अठराव्या शतकांत मेसिये हा ज्योतिषी त्याच्या मनोऱ्यावरून धूमकेतू शोधीत असे! मनोऱ्याचें पावित्र्य गेलें असें कोणी म्हणतो काय?

कचेऱ्यांनीं नासधूस केलीच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. दालनांत आडभिंती उठल्या, जुनें काम झांकलें गेलें. हें वाईटच झालें. पण ज्या छपराखालीं रोज खटले चालतात त्याची गळती कोणीतरी काढतोच. नगराला ती जागा हवी होती, म्हणून ती उभी राहिली. १८४० सालीं सरकारनें राष्ट्रीय वास्तूंची पहिली यादी केली, त्यांत हा वाडा आला. परंतु यादींत घालण्यासाठीं तोवर तो शिल्लक असावा लागतो!

१९२३ नंतरच्या जीर्णोद्धारानें पंधरावें शतक परत आणण्याचा यत्न केला. कारागिरी उत्तम, हेतूही चांगला. परंतु परिणाम काय? आज त्या दालनांतून फिरणाऱ्यास फर्निचरावांचून रिकाम्या, स्वच्छ, थंडगार खोल्या दिसतात. ज्या धन्याला वाडा धड भोगतां आला नाहीं, त्याचीं थोडीं वर्षें मांडलेलीं आहेत. ज्यांनीं अडीचशें वर्षें तो राबविला, त्यांची खूण मात्र जवळजवळ पुसली गेली आहे. एखाद्या दालनांत न्यायाधीशाचें आसन, वकिलांचीं बाकें, दाव्यांचे गठ्ठे ठेवले असते तर काय बिघडलें असतें? मुंबईच्या हायकोर्टाच्या कमानींखालीं वकील बसतात म्हणून त्या कमानी कोणाला विटाळलेल्या वाटत नाहींत.

त्या खोट्या खिडक्यांतील दगडी चाकर धन्याची वाट पाहत आहेत, असें पाहुण्यांना सांगतात. धनी तर गेला. त्यानंतर कागद कांखोटीस मारून त्याच दारानें आंत येणारे पक्षकारही त्यांनींच पाहिले.