मोटारीस माफी, प्रवाशास भुर्दंड

मुंबईच्या वाहतुकीसंबंधीचे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहराच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींचा पथकर माफ झाला. मे २०२५ मध्ये ‘बेस्ट’च्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. म्हणजे जो रस्त्याची अधिक जागा अडवतो त्याला सवलत, आणि जो बसमध्ये दाटीवाटीने उभा राहतो त्याला भुर्दंड!

नाक्यांवरील रांगांतही धूर निघत असे, हे खरे. ‘बेस्ट’चा तोटा खोटा आहे, असेही कोणी म्हणणार नाही. परंतु मोटारीचा प्रवास स्वस्त व बसचा महाग केल्यावर रस्त्यावर गर्दी कशाची वाढेल, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

डोंबिवलीचा कारकून किंवा ठाण्याची शिक्षिका महापालिकांच्या हद्दी मोजत प्रवास करीत नाही. त्यांच्या लेखी घर ते कामाचे ठिकाण हा एकच प्रवास असतो. कारभारात मात्र त्याचे तुकडे पडतात. लोकल रेल्वेची, मेट्रो निराळ्या संस्थांची, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई यांच्या बससेवा आपापल्या. प्रदेशाचा समग्र विचार व्हावा म्हणून १९७५ मध्येच महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीस प्राधान्य द्यावे व मोठ्या शहरांत वाहतुकीचे एकात्म प्राधिकरण असावे, असे सुचविले. विचार जुनाच आहे. उणीव अंमलबजावणीची आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये यांतील बहुतेक सेवांची तिकिटे एकाच ॲपवर मिळू लागली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण तिकीट एकत्र आले म्हणजे धोरण एकत्र आले, असे नव्हे. मार्ग, वेळापत्रक व भाडे एकत्रितपणे ठरविण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारा निधी एकाच यंत्रणेच्या हाती हवा. हमरस्त्यांवर बससाठी राखीव पट्टा हवा आणि मोटारींकडून मिळणाऱ्या वाहनतळ शुल्काचा वाटा बससेवेकडे वळावयास हवा.

उड्डाणपुलाच्या उद्घाटनाला नारळ फुटतो. वेळेवर आलेल्या बसचे उद्घाटन कोणी करीत नाही. तथापि, रस्त्यावरून मोटारी किती धावल्या याऐवजी माणसे किती पोहोचली, हा हिशेब शासन ज्या दिवशी मांडू लागेल, त्याच दिवशी कोंडी व धूर या दोहोंवरील उपायास खरा आरंभ होईल.