मनमाडचा मार्ग आणि खंडव्याचा मार्ग

इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानके ३० आणि पूर्ततेची मुदत २०२८-२९. आज येथून पुण्या-मुंबईस रेल्वेने जावयाचे म्हणजे रतलाम, बडोदे, सुरत असा वळसा आलाच. ज्यांच्या सोयरिकी धुळे-शिरपुराकडे आहेत त्यांना तर रेल्वे असून नसल्यासारखी. तेव्हा या मार्गाचे स्वागत व्हावयास हवे. मात्र स्वागत करून स्वस्थ बसावे, अशी ही वेळ नव्हे.

दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारास रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. वर जमीन फुकट. १८७४ साली गाडी खंडव्याहून सनावदेस आली, १८७६ साली नर्मदेवर पूल झाला आणि पातालपाणीचा, चाळिसास एक चढाचा, घाट ओलांडून ते दशक संपण्यापूर्वी इंदूर जोडले गेले. हिशेब शतकाचा, पण काम दहा वर्षांच्या आतले! शागिर्दांना मी नेहमी सांगतो, लय कितीही विलंबित असो, मात्रा मोजलेल्या असतात. दाहोद मार्गाची पायाभरणी २००८ साली झाली. त्याच्या मात्रा कोणी मोजल्या, देव जाणे.

माझे वडील होळकर दरबारी सारंगिये. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर त्यांची मिळकत म्हणजे निमाडातल्या मैफली, आणि तेथे नेणारी ती मीटर गेजची छोटी गाडी. पुढे त्याच गाडीने सनावद-बडवाहची मुले रविवारी माझ्याकडे शिकावयास येत. २०२३ साली महू-सनावद मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला. घाट टाळून बोगद्यांतून नवी वाट काढावयाची, तर काही काळ बंद ठेवणे भागच होते. त्याबद्दल तक्रार नाही. पण एस.टी.च्या गर्दीत तंबोरा घेऊन कोण येणार? पाच मुले येत, त्यांतली दोन उरली.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो, मित्रांना रुचो वा न रुचो. मनमाडच्या जल्लोषात खंडव्याचे काम मागे पडता कामा नये. खंडवा हे मुंबई-इटारसी हमरस्त्यावरचे जंक्शन. अकोला-खंडवा टप्पाही, मेळघाटास वळसा घालून, रुंद झाला की इंदूरहून वऱ्हाड, नांदेड, हैदराबाद ही वाट पुन्हा सरळ होते. हैदराबादेस आपली मराठी मंडळी काय थोडी आहेत?

मनमाडच्या बाबतीत मागणे निराळे. धुळे जिल्ह्यात बोरविहीर-नरडाणा टप्प्याचे काम आधी हाती घेतले गेले, हे ठीक. पण सेंधव्याचा टप्पा केव्हा, महूचा केव्हा, याच्या तारखा टप्प्याटप्प्याने जाहीर व्हाव्यात. बडवानी जिल्ह्यात आजवर रूळ पडलेला नाही. तेथल्या माणसाला रात्री न थांबता निघून जाणाऱ्या एक्स्प्रेसचा उपयोग काय? नवी ३० स्थानके कागदावर आहेत, त्यांवर थांबणाऱ्या पॅसेंजर गाड्याही आताच मागून घ्याव्यात: सकाळी दहाच्या आत इंदुरास पोचणारी एक, आणि संध्याकाळी परत नेणारी एक.