लिफ्ट आधी नव्हे, माप आधी



गेल्या अंकात एका वाचकाने ‘३३ इंची टायर बसवायचे तर थारला चार इंचांची लिफ्ट हवीच’ असे ठामपणे लिहिले आहे. हा सल्ला नव्या चालकांना महागात पडेल, म्हणून हे उत्तर.

२०२० मध्ये आलेल्या थारचा २५५/६५ आर १८ मापाचा टायर सुमारे ७८९ मिलिमीटर व्यासाचा. ३३ इंची टायर ८३८ मिलिमीटरचा. या फरकाचा निम्मा भाग, म्हणजे जेमतेम २५ मिलिमीटर, एवढीच मागच्या डिफरन्शियलखालची जागा वाढते. ती टायरमुळे. लिफ्टने बॉडी वर जाते, मागचा अ‍ॅक्सल नाही.

पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. गाडी फार उचलली की ड्राइव्ह शाफ्टचा कोन तीव्र होतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर उडते आणि सीव्ही जॉइंट कटकट वाजू लागतो. शिवाय गुरुत्वमध्य वर सरकतो, त्यामुळे आडव्या उतारावर कलंडण्याचा धोका वाढतो.

टायर घासतो कुठे, ते आधी पाहावे. पुढचे एक चाक दगडावर चढवून सस्पेन्शन पूर्ण दबू द्यावे आणि स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांना वळवावे. टायर घासत असेल, तर चाकावरच्या लायनरवर काळा पट्टा उमटेल. तो पुसट असेल, तर लायनर थोडा कापून किंवा बंप स्टॉप वाढवून भागू शकते.

आणखी एक. मोठ्या टायरवर स्पीडोमीटरच्या त्याच आकड्याला प्रत्यक्ष वेग सुमारे सहा टक्क्यांनी जास्त असतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील फेरबदलांवर बंधने घालते, याचाही त्या पत्रात उल्लेख हवा होता.

– एक वाचक, कोल्हापूर