'हेल्दी चिप्स'चा धंदा करायचाय? आधी पाकीट उलटं करा

ठाण्यात, कल्याणला, डोंबिवलीत, जिथे जिथे बॅच घेतो तिथे एक आयडिया हमखास येते. "सर, मी हेल्दी चिप्स काढणार. केळ्याचे, नाचणीचे, बीटाचे." आयडिया वाईट नाही. पण पुढचा प्रश्न विचारला की वर्ग शांत होतो: हेल्दी म्हणजे कशाच्या तुलनेत, आणि किती?

माझं मत स्पष्ट सांगतो. चिप्सच्या धंद्यात 'हेल्दी' हा शब्द विकायला जाऊ नका, आकडा विकायला शिका.

एक काम करा. जांभळी नाक्यावर किंवा फडके रोडला जा आणि तीन पाकिटं आणा: बटाटा वेफर, केळा वेफर आणि एखादं 'बेक्ड मल्टिग्रेन'. पुढचा भाग बघूच नका, तो चित्रकाराने केलाय. मागचा तक्ता बघा. तिथे एका कंपनीने आकडे 100 ग्रॅमचे दिलेत आणि दुसरीचा 20 ग्रॅमचा 'सर्व्ह' ठळक दिसतोय, असं होऊ शकतं. सगळं 100 ग्रॅमवर आणा, मगच तुलना.

आता गंमत बघा. साध्या बटाटा वेफरमध्ये 100 ग्रॅमला साधारण 35 ग्रॅम फॅट, 52 ग्रॅम कर्बोदकं, 7 ग्रॅम प्रोटीन धरा. फॅटच्या ग्रॅमला 9 कॅलरी, बाकी दोघांच्या ग्रॅमला 4. म्हणजे 315 अधिक 208 अधिक 28, झाले 551. हा हिशोब तोंडपाठ करा. उद्या तुमच्या लेबलचा आकडा या गणितात बसला नाही तर कुठेतरी गडबड आहे, आणि ती दुसऱ्याने दाखवण्याआधी तुम्हाला दिसली पाहिजे. केळा वेफर तळलेलाच असतो, त्यामुळे तो बटाट्याच्या फार लांब जात नाही. केळं फळ आहे हो, पण कढईला ते कळत नाही! बेक्डमध्ये फॅट 17 ग्रॅमच्या आसपास आलं तरी पीठ वाढतं, आणि एकूण साडेचारशेच्या घरात राहतं. कमी आहे, नक्कीच. निम्मं नाही.

मग खरा फरक कुठे पडतो? तेलात आणि मिठात.

पामोलिनमध्ये सॅच्युरेटेड फॅट साधारण 40 टक्क्यांच्या वर असतं, शेंगदाणा तेलात 20 च्या आत, सूर्यफुलात 11-12. वेफर तोच, कढई तीच, 35 ग्रॅम फॅटही तेवढंच. पण सॅच्युरेटेड एकात 14-15 ग्रॅम, दुसऱ्यात 6-7, तिसऱ्यात 4. एफएसएसएआयच्या लेबल नियमांत दिवसाचं प्रमाण 22 ग्रॅम धरलंय. म्हणजे पामोलिनचं 100 ग्रॅमचं पाकीट एकट्याने संपवलं तर दिवसाचा दोन तृतीयांश कोटा गेला. एवढा मोठा फरक 'बटाटा की केळं' यात नाहीये.

खर्चाचं काय? एक किलो वेफरमध्ये जवळपास 350 ग्रॅम तेल राहतं. दोन तेलांच्या भावात किलोमागे 60 रुपयांचा फरक धरला तर वेफरच्या किलोमागे 21 रुपये, 100 ग्रॅमच्या पाकिटामागे दोन रुपये. कढईत वाया जाणारं तेल धरून अडीच म्हणा. हे अडीच रुपये गिऱ्हाईक देईल का, हा खरा बिझनेस प्रश्न आहे. मला वाटतं आपल्या भागात देईल. श्रावणात, नवरात्रात डोंबिवलीतल्या काकू वेफर घेताना सगळ्यात आधी काय विचारतात? "तेल कुठलं?" उपवासाला शेंगदाणा तेलच हवं, म्हणून. हे गिऱ्हाईक तुमच्यासाठी तयार बसलंय, फक्त त्याला वर्षभर तेलाचं नाव पाकिटाच्या पुढच्या बाजूला दिसू द्या. (सैंधव मीठ घातलं म्हणून 'कमी सोडियम' लिहू नका. तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच.)

मिठाचं थोडक्यात. लेबलवर सोडियम असतं, त्याला अडीचने गुणा, मीठ मिळतं. 600 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ. मसाला वेफरवाले इथे अडकतात, कारण मसाल्यातलं मीठ ते मोजतच नाहीत.

आता सावध राहायची जागा. 'लो फॅट' लिहायचं असेल तर 2018 च्या दाव्यांच्या नियमांनुसार 100 ग्रॅममध्ये 3 ग्रॅमपेक्षा जास्त फॅट चालत नाही. तळलेला वेफर तिथे पोचूच शकत नाही, बेक्डही बहुतेक नाही. फायबरचा दावा मात्र शक्य आहे: 100 ग्रॅमला किमान 3 ग्रॅम असेल तर 'फायबरचा स्रोत' म्हणता येतं. नाचणीवाल्यांनो, इथे तुम्हाला संधी आहे. पण आकडा गुगलवरून उचलू नका. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये तुमचाच नमुना द्या, रेसिपी पक्की झाल्यावर. आधी दिलात आणि नंतर तेल बदललंत तर पैसे पाण्यात.

आणि कढईतलं तेल. टोटल पोलर कंपाउंड 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. तो तक्त्यात दिसत नाही, म्हणून नवीन माणूस तेच तेल चार दिवस ओढतो. शेंगदाणा तेल लिहून जळकं तेल विकलंत तर काकू पुढच्या श्रावणात येणार नाहीत.

पुढच्या बॅचला येताना तीन रिकामी पाकिटं घेऊन या, धुऊन. त्यातलं एक तरी तुमच्याच गल्लीतल्या वेफरवाल्याचं असू दे. त्याच्या पाठीवर तक्ताच नसेल, तर तुमचं पाकीट त्याच्याशेजारी कसं दिसेल ते तिथे बसून काढू.