घर बांधावे बेताने

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपण मराठीत म्हणतो, तर कन्नडात 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु.' दोन्ही भाषांतल्या आजीबाईंना धास्ती एकच, कर्जाची!

माझी लेक आणि जावई इंदूरला घर बांधायला निघालेत. कंत्राटदार म्हणतो, दोन्ही मजले एकदमच उरकून टाका. पगारातला निम्मा हप्ता मग बँकेचा. मी लेकीला म्हटले, "अगं, आधी तुमच्याच गावातली अरण्य वसाहत बघून ये."

पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी १९८०च्या दशकात ती आखली. भूखंड सुमारे ६,५००. गरीब कुटुंबाला मिळायचे जोते, नळ-संडास आणि फार तर एक खोली. पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. नमुन्यादाखल ८० घरे बांधून दाखवली. दारापुढे ओटा, म्हणजे आपला कट्टे! १९९५ साली वसाहतीला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

आपल्यालाही हे जमेल. वरचा मजला मागाहून घ्या. पण पाया आणि कॉलम त्याचे वजन पेलतील असे आजच इंजिनियरकडून काढून घ्या. न्हाणीघर-संडास वरखाली एका रेषेत ठेवा, जिन्याची जागा राखा. कुठल्या टप्प्याला किती पैसे, हे कंत्राटदाराकडून लिहून घ्या.

खोल्या काय, पुढे वाढतील. आज रात्रीची झोप तरी शांत लागू दे.