ईदीचे पैसे आणि आभासी जमीन

ईद झाली की अनेक घरांत विचारणा होते, ईदीचे पैसे गेले कुठे? ते मोबाइलच्या खेळातल्या पोशाखांवर आणि बंदुकांवर गेलेले असतात. अब्बा म्हणतात, हा खेळ सोड, दुसरा चांगला आलाय तो खेळ. मुलगा ऐकत नाही. आम्हाला वाटते, त्याचे म्हणणे आधी समजून घ्यावे.

२ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली. मैदान मोकळे झाले. २६ जानेवारी २०२१ ला फौ-जी हा देशी खेळ गाजावाजा करत आला आणि लवकरच ओसरला. जुलै २०२१ मध्ये पबजीचाच भारतीय अवतार, बीजीएमआय, आला तेव्हा मात्र मुले लोंढ्याने परतली. जुन्या खात्यातले सामान नव्यात नेता येत होते आणि जुने दोस्तही तिथेच भेटत होते.

अमेरिकेतल्या लिंडेन लॅबला हाच धडा उलट्या बाजूने मिळाला. त्यांच्या सेकंड लाइफ या २००३ च्या आभासी जगात लोक जमीन घेतात, घर बांधतात, दुकान थाटतात. त्याच कंपनीने २०१७ मध्ये सान्सार नावाचे अधिक देखणे जग उघडले. पण जुने घर-सामान तिकडे हलवता येईना. लोक फारसे गेलेच नाहीत. २०२० मध्ये सान्सार विकून टाकले. सेकंड लाइफ अजून चालू आहे. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडस हा खेळ आणला, त्याच्यापुढेही पेच हाच.

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. (कुराणाचे सार काढणारे विनोबा ते हेच.) १९५१ पासून ते पायी फिरून भूमिहीनांसाठी जमीन मागत राहिले. कागदोपत्री घोळ त्या दानातही झालेच, पण पायाखाली माती तरी होती. आभासी जमिनीला सातबारा नाही. बीजीएमआयसुद्धा जुलै २०२२ मध्ये प्ले स्टोअरवरून हटवला गेला, तो परतला मे २०२३ मध्ये. तेवढे महिने तो प्ले स्टोअरवरून नव्याने उतरवून घेता येत नव्हता.

म्हणून पुढच्या ईदीआधी अम्मी-अब्बांनी मुलाला शेजारी बसवून खेळाच्या अटी वाचाव्यात. विकत घेतलेली वस्तू तुमच्या मालकीची नसून केवळ वापरायची परवानगी आहे, असे तिथे बहुधा लिहिलेले असते.